कॅमेऱ्याची सॅक आणि तरफेचा नियम

गेल्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट. सोलापुरातल्या सात रस्त्याच्या चौकात मी रिक्षाची वाट पाहत उभा होतो. समोरून आमच्या महाविद्यालयातला अकरावीचा एक विद्यार्थी येताना दिसला. उजव्या खांद्याला एक जाडजूड बॅग लटकलेली. तो खांदा वर उचललेला आणि सारे शरीर डावीकडे कललेले. नावाप्रमाणे सात रस्ते एकत्र येणाऱ्या त्या चौकात रहदारी चुकवत तो माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं बघा. कॅमेऱ्यासाठी पाठीवरची सॅक घ्यायची आहे. कोणती घेऊ?"

चौकशी केली तेव्हा सारा प्रकार कळला. मामाने त्याला आपला जुना कॅमेरा आणि पक्ष्यांची छायाचित्रे काढायची मोठी लेन्स देऊन टाकली होती. दर रविवारी हा मुलगा कधी कंबर तलावावर, तर कधी हिप्परग्याच्या तलावावर जाई. (1871 साली पूर्ण झालेला एकरुख तलाव तो हाच.) पण दोन महिन्यांपासून त्याचा उजवा खांदा दुखत होता आणि रात्री बोटांना मुंग्या येत होत्या. आई म्हणत होती, "हा छंद पुरे झाला, हात जायचा एखाद्या दिवशी." वडील यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहितात. त्यांचे म्हणणे निराळे होते. सॅक घेतल्याने फरक पडणार असेल तर पैसे देतो, पण फरक पडतो हे आधी मला कागदावर दाखव, असे त्यांनी मुलाला बजावले होते.

हिशेबनिसाची ही अट मला फार आवडली. शिवाय या विषयात मला स्वतःला चांगलीच अद्दल घडलेली आहे. बारा वर्षे मी कॅमेऱ्याची बॅग एकाच खांद्याला लटकावून हिंडलो. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथे 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. आज माळढोक दिसणे अतिशय दुर्मीळ झाले असले, तरी काळविटांचे कळप दिसतात आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो. डिसेंबरातल्या एका पहाटे असाच एक लांडगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांना कॅमेऱ्याचे बटण जाणवेना! ते छायाचित्र मिळाले नाही. नंतरचे तीन महिने व्यायामाच्या खोलीत दोरी-कप्पी ओढण्यात गेले.

तेव्हा मी रिक्षा सोडून दिली आणि त्या मुलाला घरी घेऊन आलो. शेजाऱ्यांकडून गिर्यारोहणाची एक सॅक मागून आणली. कपाटातून ताणकाटा, शिवणकामाची फीत आणि ओळंबा बाहेर काढला. विद्यार्थी मित्रहो, त्या दुपारी आम्ही जे केले ते तुम्हालाही तुमच्या दप्तरावर जसेच्या तसे करता येईल.

आधी वजन

दुकानात सॅक पाहायला जाण्यापूर्वी आपल्याकडचे सामान तोलावे. बहुतेक लोक हे करत नाहीत. त्याच्या बॅगेत कॅमेरा 0.8 किलो, मोठी लेन्स 2 किलो, लहान लेन्स 0.5, बॅटऱ्या आणि चार्जर 0.4, पाण्याची लहान बाटली 0.6, आणि खुद्द बॅग 0.7 अशी बेरीज बरोबर 5 किलो भरली. ट्रायपॉड वेगळा, 1.7 किलोचा. तो त्याचा मित्र उचलतो.

पाच किलो म्हणजे फार नव्हे. बाजारातून भाजी आणताना आपण सहज तेवढे आणतो. मग खांदा का दुखावा? इथे तरफेचा नियम मदतीला येतो. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा, हे सूत्र तुम्ही कैक वेळा घोकले असेल. बल आणि त्याचे टेकूपासूनचे लंबांतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात. आता तुमचा कणा हाच टेकू आहे अशी कल्पना करा. उजव्या खांद्यावरची बॅग कण्याच्या मध्यरेषेपासून सुमारे 20 सेंटिमीटरवर लटकते. हिशेब सोपा व्हावा म्हणून 1 किलोचे वजन 10 न्यूटन धरू. म्हणजे भार 50 न्यूटन आणि भारभुजा 20 सेंमी. गुणाकार 1000.

हा भार शरीराला उजवीकडे वाकवू पाहतो. त्याला तोलून धरण्याचे काम कण्याच्या डाव्या बाजूचे स्नायू करतात. पण ते बिचारे कण्याला अगदी लागून असतात. त्यांची बलभुजा आपण 5 सेंमी धरू. 1000 भागिले 5, म्हणजे स्नायूंना 200 न्यूटन बलाने ओढून धरावे लागते. आणि कण्यावर काय येते? टेकूवर दोन्ही बाजूंच्या बलांची बेरीज येते. बॅगेचे 50 आणि स्नायूंचे 200 मिळून 250 न्यूटन. बॅग पाच किलोची, पण कण्याला ती पंचवीस किलोची वाटते!

हे गणित ढोबळ आहे. प्रत्यक्षात अनेक स्नायू वेगवेगळ्या अंतरांवरून ओढत असतात. शिवाय आपण नकळत दुसऱ्या बाजूला कलतो आणि शरीराचेच वजन तोलायला वापरतो. सात रस्त्यावर तो मुलगा डावीकडे कललेला दिसला, तो याच कारणाने. पण ढोबळ गणितानेही एक गोष्ट स्पष्ट होते. ओझे किती आहे याइतकेच ते टेकूपासून किती दूर आहे याला महत्त्व आहे. पाणक्याची कावड आठवा. एका टोकाची घागर काढून घेतली तर दुसरी घागर खांद्यावर ठेवणेही अशक्य होते. उलट दोन्ही घागरी असल्या तर वजन दुप्पट होऊनही माणूस ताठ चालतो.

दोन पट्ट्यांची सॅक पाठीवर घेतली की भार मध्यरेषेवर येतो आणि उजवी-डावीकडचे परिबल जवळजवळ शून्य होते. निम्मे काम इथेच झाले. हाच कागद वडिलांना दाखवला तरी पुरे, असे त्या मुलाला वाटले. पण मी त्याला थांबवले, कारण सॅक पाठीवर असली तरी ती पाठीमागे असते. पुढे-मागे होणारे परिबल शिल्लकच राहते.

सॅक टांगून पाहा

शाळेत पुठ्ठ्याचा वेडावाकडा तुकडा दोन ठिकाणांहून टांगून तुम्ही त्याचा गुरुत्वमध्य काढला असेल. प्रत्येक वेळी ओळंब्याची रेषा आखायची, दोन रेषा छेदतात तो गुरुत्वमध्य. आम्ही नेमके हेच भरलेल्या सॅकवर केले. नव्या व्यवस्थेत सॅक, ट्रायपॉड आणि मोठी पाण्याची बाटली धरून एकूण ओझे 8 किलो झाले. दाराच्या वरच्या कडीला सॅक आधी वरच्या मुठीने टांगली. बाजूने ओळंबा सोडला आणि सॅकच्या कुशीवर खडूने रेषा मारली. मग बाहेरच्या अंगाच्या एका बंदाने टांगून दुसरी रेषा मारली.

पहिल्या वेळी मुलाने सामान आपल्या सवयीने भरले होते. हाताशी हवी म्हणून जड लेन्स सर्वांत बाहेरच्या कप्प्यात, तिच्याही बाहेर ट्रायपॉड, आणि पाठीला लागून टोपी व स्वेटर. गुरुत्वमध्य पाठीच्या फळीपासून 17 सेंटिमीटर दूर निघाला. मग लेन्स पाठीला चिकटून उभी ठेवली, ट्रायपॉड एका कुशीला घेतला आणि दुसऱ्या कुशीला त्याला तोल म्हणून पाण्याची बाटली ठेवली. स्वेटर बाहेरच्या कप्प्यात गेला. आता अंतर 9 सेंटिमीटर. सामान तेच, सॅक तीच.

पाठीपासून कमरेच्या सांध्यापर्यंतचे सुमारे 8 सेंमी यात मिळवले तर भारभुजा पहिल्या वेळी 25 आणि दुसऱ्या वेळी 17 सेंमी होते. 80 न्यूटनचा भार 25 सेंमीवर असला की परिबल 2000. ते तोलण्यासाठी माणूस पुढे वाकतो. कमरेच्या वरचे शरीर एकूण वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. आमच्या 50 किलोच्या विद्यार्थ्याचे ते 33 किलो, म्हणजे 330 न्यूटन धरू. 2000 भागिले 330, सुमारे 6 सेंमी. तेवढे शरीर पुढे झुकवावे लागते. दुसऱ्या वेळी 4 सेंमीवर भागते.

दोन सेंटिमीटरचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. दोन तास तसे वाकून चालून पाहा आणि मग बोला. धड पुढे झुकले की समोर पाहण्यासाठी मान मागे उचलावी लागते, आणि मानेचे स्नायू सारा वेळ ताणलेले राहतात. पक्षी पाहणाऱ्याला तर मान आणखीच वर करावी लागते!

यावरून दुकानात पाहण्याची पहिली गोष्ट ठरते. सॅक रुंद आणि उंच असली तरी चालेल, पण जाड नको. पाठीपासून बाहेर फुगलेली, पुढे पाच-सहा कप्पे लावलेली सॅक दिसायला झोकदार असते. तो प्रत्येक कप्पा भारभुजा वाढवतो.

चुंबळ, पट्टा आणि मुंग्या

आता बोटांच्या मुंग्यांकडे वळू. डोक्यावर हंडा घेताना बाया खाली कापडाची चुंबळ ठेवतात. हंड्याचे वजन चुंबळीने कमी होत नाही, उलट थोडे वाढतेच. पण ते वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरते आणि दाब कमी होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ.

त्या मुलाच्या बॅगेचा पट्टा अडीच सेंटिमीटर रुंद होता आणि खांद्याला सुमारे 12 सेंमी लांबीत टेकत होता. क्षेत्रफळ 30 चौरस सेंटिमीटर. 50 न्यूटन भागिले 0.003 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 16,700 पास्कल. आपल्या त्वचेखालच्या केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब साधारण 4,000 पास्कल असतो. (डॉक्टरांच्या भाषेत पाऱ्याचे 30 मिलिमीटर.) बाहेरून चौपट दाब पडला की तिथला रक्तप्रवाह रोखला जातो. शिवाय मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू खांद्याजवळूनच जातात. ते दबले की मुंग्या येतात. लष्करात आणि गिर्यारोहकांत जड सॅकमुळे हात लुळा पडल्याची उदाहरणे वैद्यकाला चांगली परिचित आहेत.

सॅकचे पट्टे 7 सेंमी रुंद होते. 8 किलोचे ओझे दोन खांद्यांवर विभागले तर प्रत्येकावर 40 न्यूटन येतात. क्षेत्रफळ 84 चौरस सेंमी आणि दाब सुमारे 4,800 पास्कल. आधीच्या एक-तृतीयांशाहून कमी, आणि तेही ओझे तीन किलोंनी वाढलेले असताना. तरीही आकडा 4,000 च्या वरच आहे. शिवाय ही सरासरी झाली. पट्ट्याच्या कडेशी दाब जास्त असतो. पट्टा नुसता जाड, गुबगुबीत असून भागत नाही. फार मऊ फोम वजनाने चपटा होतो आणि मग आतली कडक पट्टीच खांद्यात रुतते. दुकानात अंगठ्याने दाबून पाहावे. बोट तळाला टेकले तर ती सॅक खाली ठेवावी.

सिद्धेश्वराच्या यात्रेत पाहिलेले

आता उरलेला दाब कुठे टाकायचा? याचे उत्तर सोलापूरकर दर संक्रांतीला पाहत असतात. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. शहराभोवतीच्या 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. पांढरी बाराबंदी घातलेला एकटा मानकरी ती उंचच उंच, सजवलेली काठी पेलत चालतो. काठी खांद्यावर नसते. तिचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात टेकवलेला असतो आणि हातांचे काम फक्त तोल सांभाळण्याचे. काठीचे वजन पट्ट्यातून कमरेच्या रुंद हाडावर, तिथून मांड्यांच्या हाडांतून सरळ जमिनीत जाते. मधे कणा नाही, खांदे नाहीत, मान नाही.

पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा हेच करतो. अमेरिकेत डिक केल्टी यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि कमरपट्टा असलेल्या सॅक लोकप्रिय केल्या. आपल्याकडे यात्रेतल्या पेलणाऱ्यांना ही युक्ती कुणी शिकवावी लागली नव्हती. समजा, कमरपट्ट्याने निम्मे ओझे उचलले. मग प्रत्येक खांद्यावर 20 न्यूटन उरतात आणि दाब 2,400 पास्कलपर्यंत उतरतो. केशवाहिन्या सुखाने वाहू लागतात.

मात्र हे घडण्यासाठी दोन अटी आहेत, आणि कॅमेऱ्याच्या पुष्कळशा सॅक इथेच नापास होतात. पहिली अट अशी की सॅकच्या पाठीत कडक फळी किंवा सांगाडा हवा. ओझे खालच्या पट्ट्यापर्यंत पोचवायला काहीतरी ताठ लागतेच, पोत्याला कमरपट्टा शिवून उपयोग नाही. दुसरी अट लांबीची. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक मणका बोटाला ठळक लागतो. तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर फितीने मोजा. ती तुमच्या पाठीची लांबी. उंची सारखी असलेल्या दोन मुलांचीही ती वेगळी निघते. आमच्या विद्यार्थ्याची 46 सेंटिमीटर होती. नंतर दुकानात त्याने आधी पसंत केलेल्या कॅमेरा-सॅकची पाठ एवढी आखूड निघाली की तिचा कमरपट्टा पोटावर येत होता. पोट मऊ असते, त्यावर वजन टेकत नाही. तो पट्टा फक्त सॅक हलू नये म्हणून होता. दुकानदाराने हे सांगितले नाही. कदाचित त्यालाही माहीत नसावे.

नंदीध्वजाकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. समजा, काठीचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून 3 मीटर उंच आहे. काठी नुसती 5 अंश कलली तर तो मध्य 26 सेंमी बाजूला सरकतो. तेव्हा सारा भार त्या लांब भुजेवर येतो आणि पेलणाऱ्याची कसोटी लागते. सॅकमध्येही जड वस्तू फार वर ठेवली तर वाकताना ती आपल्याला ओढते. सपाट रस्त्यावर जड लेन्स दोन फऱ्यांच्या मधोमध बरी. हिप्परग्याच्या काठच्या दगडांवर उतरायचे असेल तर चार बोटे खाली घ्यावी.

मुलाने इथे मला अडवले. "सर, आडव्या रस्त्यानं ओझं नेलं तर कार्य शून्य, असं तुम्हीच शिकवलंत. मग कमरेवर काय अन् खांद्यावर काय!"

प्रश्न फार चांगला आहे. स्टेशनवरचा हमाल फलाटावरून पेटी नेतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याने केलेले कार्य शून्य असते, हे खरे. पण तो घामाघूम होतो हेही खरे. टेबल पेटी वर्षभर धरून ठेवते, त्याला काही खावे लागत नाही. स्नायूला मात्र नुसते ताणून राहण्यासाठीही ऊर्जा जाळावी लागते. शिवाय चालताना शरीर आणि ओझे दर पावलाला काही सेंटिमीटर वर-खाली होतात. म्हणून जे ओझे हाडांवर टेकते ते स्वस्त पडते आणि जे स्नायूंनी धरावे लागते ते महाग. नेपाळमधले हमाल कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवरची टोपली पेलतात. त्यांच्यावरचा एक अभ्यास 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्यातले पुरुष हमाल सरासरीने स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझे वाहत होते, आणि सॅक वापरणाऱ्यांपेक्षा त्यांना ऊर्जा कमी लागत होती. याचा अर्थ तुम्ही कपाळाला पट्टा लावावा असा मुळीच नाही. त्यामागे लहानपणापासूनची सवय असते.

पडली तर?

आत्तापर्यंत माणसाचा विचार केला. थोडा कॅमेऱ्याचाही करू. सॅक खांद्यावरून निसटून 1 मीटर उंचीवरून फरशीवर आदळली, तर तळाशी वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर असतो. तो वेग शून्य व्हायचाच आहे. प्रश्न फक्त किती अंतरात, एवढाच. 1 मीटर पडून 1 सेंटिमीटरमध्ये थांबायचे तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या शंभरपट होते. 1 मिलिमीटरमध्ये थांबायचे तर हजारपट. कॅमेरा आणि मोठी लेन्स मिळून 2.8 किलो. शंभरपट म्हणजे 2,800 न्यूटन, हजारपट म्हणजे 28,000. फोमचे सारे कर्तृत्व थांबण्याचे अंतर वाढवण्यात आहे.

मग आपला सोलापुरी टॉवेल गुंडाळला तर? मीही वर्षानुवर्षे तेच करत होतो. आम्ही दोन अंडी घेतली. एक चार घड्यांच्या टॉवेलात, दुसरे दोन सेंटिमीटरच्या घट्ट फोममध्ये ठेवून दोन्ही पुड्या टेबलावरून सोडल्या. टॉवेलातले अंडे फुटले. टॉवेल पहिल्या क्षणीच दबून चपटा होतो आणि मग थांबायला अंतर उरत नाही. घट्ट फोम हळूहळू, विरोध करत दबतो. (फुटलेल्या अंड्याचे ऑम्लेट झाले. टॉवेलाबद्दल घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही.) टॉवेल सॅकमध्ये असावाच, पण घाम आणि माळावरची धूळ पुसायला.

सॅकची मोठी चेन पाठीच्या बाजूने उघडणारी असावी, असे माझे मत आहे. जमिनीवर ठेवताना बाहेरची बाजू खाली जाते, त्यामुळे आपल्या अंगाला लागणारे पट्टे चिखलात लोळत नाहीत. यात्रेच्या गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही. आणि आपण स्वतः चेन लावायला विसरलो तरी पाठच झाकण होते. माझी एक लेन्स बाहेरच्या उघड्या राहिलेल्या चेनीतून पायऱ्यांवर पडली होती, तेव्हापासून हे मत पक्के झाले आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. पारा 42 अंशांवर जातो तेव्हा शरीर थंड ठेवण्याचा एकच उपाय उरतो, घामाचे बाष्पीभवन. 1 ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता नेतो. सॅक पाठीला सपाट चिकटली तर तेवढी जागा या कामातून बाद होते आणि घाम नुसता वाहतो. म्हणून पाठीला जाळीदार उभ्या गाद्या आणि त्यांच्यामध्ये हवेला वाट असलेली सॅक बरी. पण जाळी ताणून सॅक पाठीपासून फार दूर ठेवणारे प्रकारही मिळतात. त्यांत भारभुजा पुन्हा वाढते! इथे दोन्हींचा मेळ घालावा लागतो. रंग फिका घ्यावा, काळी सॅक उन्हात फार तापते. पावसाळ्यात घरी आल्यावर सॅक उघडी करून वाळवावी. ओल्या, बंद सॅकमध्ये लेन्सवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते.

कागद दाखवला तेव्हा

हिशेबाचा कागद घेऊन मुलगा घरी गेला. वडिलांनी बेरजा-भागाकार तपासले, ते बरोबर होते. मग त्यांनी विचारले, "आठ किलो कशाला? मुलगा पन्नास किलोचा आहे."

हे मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानात आले नव्हते! शालेय दप्तराविषयी केंद्र सरकारने 2020 साली जे धोरण जाहीर केले, त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जड नसावे असे म्हटले आहे. त्या मापाने याला 5 किलो. आठवड्यातून एकदा दोन तास थोडे अधिक चालेल, पण 8 किलो म्हणजे 16 टक्के झाले. चांगल्या सॅकचा हा एक धोकाच आहे. ओझे जाणवेनासे झाले की आपण ते वाढवत जातो. ट्रायपॉड आणि लहान लेन्स वगळली तेव्हा आकडा 5.8 किलोवर आला.

बोटांच्या मुंग्यांसाठी मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सहा आठवडे खांद्याला विश्रांती सांगितली आणि काही व्यायाम दिले. तरफेच्या नियमाने पुढचे दुखणे टळेल, झालेले बरे करायला वैद्यच हवा. त्या सहा आठवड्यांत त्याने कॅमेऱ्याची म्हणून विकली जाणारी सॅक न घेता बऱ्यापैकी सांगाडा आणि खरा कमरपट्टा असलेली, पाठीच्या बाजूने उघडणारी गिर्यारोहणाची मध्यम सॅक घेतली. गादीवाल्याकडून घट्ट फोम आणला. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका शेजाऱ्याने सॅकच्या आत बसेल अशी कप्प्यांची पेटी शिवून दिली. मोठ्या लेन्सचा कप्पा पाठीला लागून, बरोबर मधोमध. सगळे मिळून तयार कॅमेरा-सॅकच्या निम्म्याहून कमी खर्चात बसले, हे वडिलांनी मला मुद्दाम फोन करून कळवले.

गेल्या रविवारी तो पुन्हा सात रस्त्यावर भेटला. ताठ चालत होता. सॅक मी हाताने उचलून पाहिली, खुणेचा खडू अजून कुशीवर दिसत होता. मागून त्याचा मित्र येत होता. ट्रायपॉड त्याच्याच खांद्यावर होता, उजव्या, एका पट्ट्याने लटकवलेला.